दुखून वर गेलेला हात ठरावातून वगळण्याबाबत

प्रति,
मा. तालुका आरोग्य अधिकारी,
तालुका आरोग्य कार्यालय

अर्जदार: बलभीम किसन घोडके, वय ५८, रा. बोरदरवाडी, जि. धाराशिव

विषय: दंत शिबिरात रुग्णाचा त्रास कमी व्हावा, त्याच्या जिवाची व दाराची सुरक्षितता राहावी, आणि अर्जदारास दाखला मिळावा.

संदर्भ: दि. ७ जानेवारीचे दंत शिबिर व त्याच सभागृहातली ग्रामसभा.

महोदय,

दंत शिबिर आणि ग्रामसभा एकाच दिवशी एकाच सभागृहात भरवण्याचा हुकूम ज्या साहेबानं काढला, त्यानं अर्जदाराचा घात केला आहे. नाव विचारलं तर जो तो "वरून आलंय" म्हणतो. ग्रामसभेला माणसं जमत न्हाईत, म्हणून दाताचे रुग्ण बसवून गणपूर्ती करायची, एवढंच ते डोकं.

१) अर्जदाराची खालची डावी दाढ किडली होती. डॉक्टर मैथिली मॅडम स्वभावानं चांगल्या. म्हणाल्या, "काका, दुखलं की हात वर करा, मी लगेच थांबते." सोय उत्तम. पण खुर्ची मांडलेली बरोबर सभेच्या समोर. तिकडं सरपंच धनाजीराव विचारत होते, "कचरा डेपो बलभीमदादाच्या घरासमोरच्या गायरानात करायचा. मंजूर असंल त्यांनी हात वर करा." नेमकं तेव्हाच मशीन नसेला लागलं आणि अर्जदाराचा हात वर गेला. ठराव एका मताच्या फरकानं पास. याच डेपोला अर्जदार तीन वर्षं विरोध करतो आहे, हे गावातलं शेंबडं पोरगंही सांगेल.

२) घोळ लक्षात येताच अर्जदारानं दोन्ही हात हलवले. मॅडमना वाटलं, दुखणं वाढलं. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं, त्यात जीभही गेली. सरपंचांनी "कुणाची हरकत?" असं विचारलं, तेव्हा गंगम्मा सिस्टर अर्जदाराचे हात दाबून धरून बसल्या होत्या. "काका, हलू नका, सुई मोडंल." त्यांचं तरी काय चुकलं?

त्यानंतर शाल-नारळ देऊन अर्जदाराचा सत्कार झाला. डोळ्याला धार लागलेली बघून सरपंच म्हणाले, "गावासाठी दार दिलं, दादा लई भरून आलेत." अर्जदार कापसाचा बोळा चावत उभा. घरी पत्नी कस्तुराबाई एवढंच बोलल्या, "तुमच्याच हातानं आणलंय, आता तुमीच वास घ्या." त्या दुपारच्या एसटीनं माहेरी येरमाळ्याला गेल्या.

३) ग्रामसेवक शिवप्रसाद म्हणतात, "हात दुखण्याचा होता असा डॉक्टरचा दाखला आणा, ठराव परत घेऊ." मॅडम म्हणतात, दाखल्यात दाताचा रकाना आहे, हाताचा न्हाय. तो रकाना आपण वाढवावा. पुरावा म्हणून त्या दिवशी उपटलेली दाढ डबीत घालून जोडली आहे, तिचं भोक स्वतः बघावं.

इथून पुढं रुग्णाची खुर्ची भिंतीकडं तोंड करून ठेवावी. दुखणं सांगायला हातात घंटी द्यावी. तोंडात कापूस असलेल्या माणसाचं मत धरू नये, मग तो पुढारी का असंना.

सोमवारी कचऱ्याची पहिली ट्रॉली अर्जदाराच्या दारात येणार आहे. त्याआधी, अर्जदाराचा हात दुखून वर गेला की खुशीनं, हे लेखी कळवा. नुसता पोचेचा शिक्का चालणार न्हाय.

आपला नम्र, पण आता जीभ जाग्यावर असलेला,
बलभीम किसन घोडके
दि. ९ जानेवारी २०२५