कोरड्या ओढ्याचे बगळे

१३ एप्रिल, रविवार. अबकैक, सौदी अरेबिया

बगळे परत हरले. ०-२. फजरची नमाज आटोपून लॅपटॉप लावायचा आणि चहा निवेपर्यंत एक गोल खायचा, हा रविवारचा नेमच होऊन बसलाय. तिकडे अमेरिकेत शनिवारची संध्याकाळ. सेकंड हाफ नेहमीसारखा प्लांटच्या बसमध्ये, मोबाईलवर. ड्रायव्हर सोडून सगळी बस माझ्या खांद्यावर वाकलेली. मग गेट, मोबाईल जमा, आणि शेवटची दहा मिनिटं अल्लाच्या हवाली. निकाल कळला लंचला.

पण फर्स्ट हाफमध्ये बगळ्यांचा एक गडी पडला आणि नाझ बॅग घेऊन मैदानात धावली. माझी मुलगी. डोक्याला स्कार्फ, त्यावर टोपी, पाठीवर फुटबॉल क्लबचा बगळा. मागच्या सीटवरच्या केरळवाल्याला सांगितलं, टीमची फिजिओ, माय डॉटर. त्याला मागच्या रविवारीही सांगितलं होतं म्हणे.

२० एप्रिल, रविवार

१-१. चला, एक पॉइंट तरी.

सावंत जुबैलच्या कॅम्पमधून बदलून माझ्या खोलीत आलाय. वेल्डर, कणकवलीचा, तोंडाचा फाटका. आज विचारतो, ह्यो क्लब हा तरी खयचो? रोनाल्डो बिनाल्डो सोडून तू ह्या काय बघतंस?

सांगायला बसलो तर जेवण थंड झालं. गावाचं नाव ड्राय क्रीक, म्हणजे कोरडा ओढा. आपल्या चिपळूणपेक्षा लहान असेल. चार वर्षांपूर्वी क्लब नव्हताच. शाळेतला एक पीटीचा मास्तर आणि त्याचे दोस्त मॅच बघायला तीन तास गाडी हाकत दुसऱ्या शहरात जायचे. कंटाळले. ट्रकचा धंदा असलेला एक मालक गाठला, त्याने तिसऱ्या डिव्हिजनमध्ये जागा घेतली. पहिल्या मॅचला शर्ट वेळेवर आले नाहीत, कॉलेजचे मागून आणलेले घालून खेळले. मैदान बेसबॉलचं. मधला मातीचा उंचवटा मॅचआधी खोदून काढायचा, मॅचनंतर परत रचायचा. अजूनही तसंच. उजव्या कोपऱ्यात गवत नाही, लाल माती. बॉल तिथे गेला की काय करेल ते त्यालाच ठाऊक.

पहिल्या वर्षी इतके हरले, इतके हरले, की पहिला विजय मिळाला तेव्हा लोकांना काय करावं सुचेना. खाली उतरले आणि एकेका खेळाडूशी हात मिळवत सुटले. तेव्हापासून प्रथाच पडली. हार असो, जीत असो, सगळी टीम स्टँडच्या कडेने चालते आणि प्रत्येकाचा हात हातात घेते. नाझसुद्धा. मग खेळाडूच खुर्च्या उचलतात. गोलकीपर दिवसा लाद्या बसवतो, तो म्हणे चार चार खुर्च्या एकदम नेतो.

सावंतने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "म्हंजे आमच्या दशावतारातलेच. रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा."

त्या क्षणी तो बगळ्यांचा झाला.

४ मे, रविवार

हरले. टेबलात सर्वात खाली. तळाला. सावंतला झोप नाही. तो म्हणतो, असेच राहिले तर चौथ्या डिव्हिजनात ढकलतील, मग पाचव्या, मग शोधत बस. इथल्या लीगमध्ये होतं ना तसं. मलाही धडकी भरली. डिव्हिजन उतरली की पैसा आटणार, पैसा आटला की पहिली कुऱ्हाड फिजिओवर. नाझचा व्हिसा त्या क्लबच्या कागदावर उभा आहे. क्लब म्हणजे तिचा कफील, इथल्यासारखाच व्हिसाचा मालक.

सावंत गावच्या देवाला नवस बोलला, खाली उतरू नयेत म्हणून. मेसमधला इस्माईल शुक्रवारी मदिनेला जातोय. त्याला बाजूला घेऊन सांगितलं, दुआ कर. कोणासाठी? बगळ्यांसाठी. आधी हसला, मग नावं विचारून घेतली. अकराच्या अकरा सांगितली. कोच राहिला, त्याच्यासाठी परत फोन केला.

११ मे, रविवार

हरले. पण आज वेगळीच फजिती.

नाझला फोन लावला, म्हटलं बेटा, खाली जाण्यापासून वाचायला अजून किती मॅच जिंकायला लागतील? ती आधी समजेचना. मग इतकी हसली की तिकडे कोणीतरी तिला पाणी आणून दिलं. "अब्बा, अमेरिकेत कोणी खाली जात नाही. वर पण नाही. शेवटचा नंबर आला तरी पुढच्या वर्षी इथेच."

म्हणजे आम्ही आठवडाभर ज्यासाठी झुरत होतो ते तिथे होतच नाही. इस्माईलने मदिनेत रडून दुआ मागितली ती न होणाऱ्या गोष्टीसाठी. सावंत डोक्याला हात लावून बसला. त्याला पेच पडलाय. नवस फेडायचा की नाही? उतरले तर नाहीतच ना! म्हणजे देवाने ऐकलं. शेवटी म्हणाला, नारळ दितंय, उगाच लफडां नको.

मग क्लब बुडतात कसे, मी नाझला विचारलं. म्हणाली, इथे विकतात. ज्याने घेतला तो लीगमधली जागा उचलून दुसऱ्या शहरात नेतो. गाव बिचारं बघत राहतं.

१ जून, रविवार

जिंकले!! २-१. दुसरा गोल त्या लाल मातीच्या कोपऱ्यातून. बॉल असा काही उसळला की समोरचा कीपर नुसता बघत राहिला. बसमध्ये आरडाओरडा. ड्रायव्हरने बस हळू केली आणि विचारलं, काय झालं? गोल, म्हटलं. तो पण हसला. गेटच्या थोडं अलीकडे थांबवली त्याने, शिट्टी वाजेपर्यंत. असं कधी केलं नव्हतं.

एक गोष्ट लिहून ठेवतो. जिंकल्यावर कीपर सगळ्यांत आधी नाझकडे धावला आणि बोटं वर करून दाखवली. गेल्या आठवड्यात मोडलेलं बोट तिने असं बांधलं होतं की हा खेळू शकला. माणसं आहेत ती. देवमाणसं म्हणायला हरकत नाही.

६ जून, शुक्रवार. बकरी ईद

मेसमध्ये बिर्याणी. दाभोळला व्हिडिओ कॉल. बायकोने, रुक्सानाने, शीरखुर्मा दाखवून जीव जाळला. इथे कुटुंब ठेवायची सरकारी फी वाढली तेव्हा तिला नि नाझला गावी पाठवलं, दम्मामचं घर सोडलं, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. प्रत्येक ईदला असा स्क्रीनवर शीरखुर्मा.

रुक्साना म्हणते बहरीनहून स्थळ आलंय, मुलगा इंजिनिअर. आणि मुलगी तिकडे पुरुषांचे पाय चोळत बसलीय, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, डॉक्टर नाडी बघतो तेव्हा लोक काय म्हणतात? फोन ठेवून दिला तिने. मग परत लावला, गोश्त जास्त खाऊ नका म्हणून.

सायंकाळी नाझचा फोन. मालक क्लब विकायच्या विचारात आहे. ट्रकचा धंदा बसलाय. अजून पक्कं नाही, पण कुजबुज आहे.

खरं लिहितो. मनात आलं, विकू दे. येईल घरी पोरगी. ईदला समोर बसून खाऊ. क्षणभरच. मग स्वतःचाच इतका राग आला की उठून अंगणात चकरा मारल्या. गरम हवा तोंडावर घेत.

२२ जून, रविवार

०-०. उन्हाळ्याची दुपारची कामबंदी सुरू. दुपारी पडून राहतो तर डोक्यात तोच क्लब.

सावंतचं म्हणणं, ह्या सगळ्याचा एकच उपाय, चांगलो कफील. कफील बरा तर सगळां बरां. तो म्हणतो ते खरं आहे. क्लब काय, माणूस काय, कागद कोणाच्या हातात आहे यावर सगळं. मी स्वतः पाच कफील बदलले. गाशा गुंडाळला, निघालो. जुन्या जागी मागे वळून बघावं असं कधी वाटलं नाही. वळून बघायला होतंच काय.

२० जुलै, रविवार

४-१! टेबलात मधोमध आले. कोणी म्हणेल हेच ते एप्रिलमधले? कोच म्हणे ट्रेनिंगनंतर पोरांना गोल बसवतो आणि प्रत्येकाला विचारतो, आज कामावर काय झालं. एक शाळेची बस चालवतो, एक वेअरहाऊसमध्ये. नाझ म्हणते त्यांचे दुखरे पाय बघून कळतं कोणाची ड्यूटी उभ्याने होती. मला माझे पाय आठवले. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही. मीही कोणाला विचारलं नाही.

आज सावंतला विचारलं, काय झालं कामावर? माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मला ताप चढलाय. मग बराच वेळ बोलला.

१७ ऑगस्ट, रविवार

विकला.

नव्या मालकाने जागा घेतली, पुढच्या मोसमापासून टीम मोठ्या शहरात. विमानाने जायचं इतकं लांब. नवं स्टेडियम, नवं नाव. बगळा नको म्हणाले, वाघ की चित्ता काहीतरी लावणार आहेत.

सकाळी सगळी बस नेहमीसारखी माझ्या खांद्यावर वाकलेली. मॅच चालू होती, बगळे जिंकत होते. लोक स्टँडमध्ये उभे, एकही बसलेला नाही. ओरडत नव्हते. नुसते उभे. सावंत पुटपुटला, शिव्याच होत्या त्या, कोणाला ते विचारलं नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

नाझशी तासभर बोललो. खेळाडूंचं काही खरं नाही, नवीन कोच त्याची माणसं आणणार. पण फिजिओ म्हणून नाझ हवी आहे त्यांना. पगार जास्त, व्हिसाची जबाबदारी त्यांची. म्हटलं अल्हमदुलिल्लाह. माझा जीव भांड्यात पडला.

ती अल्हमदुलिल्लाह म्हणाली नाही.

पीटीच्या मास्तरने गावात सभा बोलावली होती. लोक मावेनात. ठरलं की गावानेच क्लब काढायचा. मालक कोणी नाही, सगळेच मालक. अगदी खालच्या, हौशी लीगमध्ये. तेच बेसबॉलचं मैदान, तोच बगळा. मास्तरने सगळ्यांसमोर नाझला विचारलं, राहशील? वीकेंडला, जमेल तेवढं. व्हिसा आम्ही देऊ शकत नाही, तेही सांगितलं. लपवलं नाही. गावातला एक दवाखाना तिला घ्यायचा विचार करतोय, पण अजून हो म्हणालेला नाही. नाही म्हणाला तर बॅग भरायची.

मी म्हटलं, यात विचार काय करायचा? ती म्हणाली, तेच तर अब्बा.

७ सप्टेंबर, रविवार

बगळे हरले पण काय खेळले! कीपर पुढच्या वर्षी गावाच्याच क्लबात खेळणार, लाद्या बसवत. बस चालवणारा पण. पाच जण राहिले. मोठ्या शहरात ट्रायल द्यायला बोलावलं होतं त्यातल्या दोघांना, गेले नाहीत. सावंत म्हणतो येडे आसत. म्हणताना डोळे पुसत होता. एसीची धूळ म्हणे.

रुक्साना एकाच वाक्यावर अडून बसलीय. परत ये, बहरीनवाले थांबलेत.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज ड्यूटी बदलून घेतली. गावातली शेवटची मॅच, अर्धवट बघायची नव्हती. सावंतनेही पोट दुखतंय सांगून दांडी मारली. दोघे पलंगावर, मध्ये लॅपटॉप.

३-३. त्यावर लिहायला वही पुरणार नाही.

मॅच संपल्यावर कॅमेरा बंद केला नाही त्यांनी. टीम स्टँडच्या कडेने निघाली. आज कोणाला घाई नव्हती. खेळाडू पुढे गेले, सगळ्यांत मागे नाझ. एकेकाशी हात मिळवत. एक म्हातारी, जाड चष्मा, गळ्यात क्लबचा मफलर. तिने नाझचा हात धरला तो सोडेचना. दोन्ही हातांत धरून काहीतरी सांगत राहिली. नाझ वाकून ऐकत होती. मग नाझ तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. माझी पोरगी, जी दम्मामचं घर सोडताना रडली नव्हती.

लॅपटॉप बंद केला. सावंत उठून बाहेर गेला.

इथे सव्वीस वर्षं झाली मला. उद्या फायनल एक्झिट लागली, कायमचं घरी पाठवलं, तर सुपरवायझर कागदावर सही करेल, सावंत एअरपोर्टच्या गाडीपर्यंत येईल. हात धरून ठेवणारं कोणी नाही. मी कुठे राहिलोच नाही, नुसता कामाला होतो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

नाझचा फोन. नव्या मालकाला शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. दवाखान्याचं अजून काही नाही. अम्मी म्हणते ये, सावंत काका म्हणतात व्हिसा सांभाळ, तुम्ही काहीच बोलत नाही अब्बा. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

मी म्हटलं, मी असतो तर मोठ्या शहरात गेलो असतो. दुसऱ्या दिवशी बॅग भरून. पाच वेळा गेलो.

म्हटलं, "म्हणून सांगतो बेटा, माझ्यावर जाऊ नकोस."

लाइन तुटली असं वाटलं, हॅलो हॅलो केलं. मग म्हणाली, अब्बा, दवाखान्याने नाही सांगितलं तर? म्हटलं, मग बघू. माझ्या तोंडून मग बघू! आयुष्यात पहिल्यांदा.

विचार करते म्हणाली. शुक्रवारपर्यंत वेळ आहे.

मी काय बोललो ते रुक्सानाला अजून सांगितलेलं नाही. कळलं की फाडून खाईल. सावंतला सांगितलं तर तो मला मूर्ख म्हणाला, आणि मग चहा करून दिला.