निकाली

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडून टाकणार नाहीस, असं धरून चालते. दोन वर्षं बोलला नाहीस, म्हणून माझं ताईपण काही रद्द होत नाही.

सध्या डोक्याला एक ताप आहे. आमच्या हॉस्पिटलची एथिक्स कमिटी खरंच उपयोगाची आहे का, हे तपासायचं ठरलंय. सचिव मी, म्हणून फॉर्म माझ्या गळ्यात! उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे असा पेच पडला की घरचे आमच्याकडे अर्ज करतात, हे तुला सांगायला नको. अर्ज किती आले, निकाली किती निघाले, सगळं भरलं. एकही प्रलंबित नाही. अध्यक्ष डॉक्टर जाम खूश. कमिटी बसते महिन्याच्या पहिल्या गुरुवारी. तोवर पेशंट गेला, तर मी अर्जावर 'निकाली'चा शिक्का मारून फाइल बंद करते. ही माझीच पद्धत. त्यात कधी कुणाला वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

फाइली चाळताना तुझा अर्ज निघाला. आईनं इतकं गिरवून घेतलं तरी शेवटपर्यंत न सुधारलेलं तुझं ते गिचमिड अक्षर! मला नळ्या लावून ठेवू नका, असं तिनं आपल्या दोघांनाही बजावलं होतं. मशीन काढा, तिला शांतपणे जाऊ द्या, एवढंच तू लिहिलं होतंस. मी तुला नियम ऐकवला, गुरुवारपर्यंत थांब म्हटलं. तू थांबलास. नळी ओढू नये म्हणून अकरा दिवस तिचे हात पलंगाला बांधलेले होते. मी रोज तिची वेणी घालायचे आणि ती नुसती माझ्याकडे बघत राहायची. बुधवारी गेली. मी खाली ऑफिसात आले आणि तुझ्या अर्जावर शिक्का मारला.

फॉर्मच्या शेवटी एक रकाना आहे, अर्जदाराला उत्तर मिळालं का? तिथे माझं पेन अडलं. तातडीची बैठक बोलावता येते रे, सचिवाला तेवढा अधिकार असतो. मला ठाऊक होतं. कमिटी हो म्हणाली असती, म्हणून मी बोलावली नाही. तिचे हाल दिसत होते, तरी मला आई हवी होती. त्या रकान्यात मी 'नाही' लिहिलंय, बैठकीआधीच पेशंट गेलेल्या प्रत्येक फाइलीपुढे. खुर्ची गेली तर जाऊ दे. पण तुझं उत्तर कमिटीकडून नको, माझ्याकडून घे. तुझं बरोबर होतं, राजा. आईला मी अडवून ठेवलं.

तुझीच,
ताई