चौकटीबाहेरच्या चटया

ऑकलंड, १४ ऑगस्ट

प्रिय सेइनी आत्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. बाबांचा गुडघा आता बरा आहे. तू पाठवलेले टॅरोचे कंद आईने काल नारळाच्या दुधात शिजवले.

तुझ्या सेमिसीला गॅरेजमधल्या नोकरीवरून काढल्याचं बाबांकडून कळलं. मालकाने बातम्यांत त्याचं जाकीट ओळखलं म्हणे. त्या बातमीबद्दल नेमकं सांगते.

काकांना पुरलं त्या दुपारी सेमिसी आणि चर्चमधली पोरं बाजाराच्या गाडीतळावर उभी होती. सुतकाचे काळे कपडे, कापलेले केस, कंबरेला आपल्या रीतीप्रमाणे सुतकाच्या फाटक्या चटया. ती स्तोत्र गात होती. मूळ चित्रण अकरा मिनिटांचं आहे. आमच्या वाहिनीने दाखवले नऊ सेकंद. चित्र मोठं करून कंबरेच्या वरचंच ठेवलं, म्हणजे चटया गेल्या. गाण्याचा आवाज काढला. चेहरे धूसर केले. खाली पट्टी आली: ‘दक्षिण उपनगरांत टोळ्यांचा वावर’.

आत्या, ते चित्रण आलं त्या दिवशी संकलनाला मी होते. हे सगळं मी केलं.

सेमिसीला मी लगेच ओळखलं. हे सुतकातले लोक आहेत, हा माझा आतेभाऊ, असं संपादक ग्लेनिसला सांगितलंही. ती म्हणाली, “मग झाक ना बाई त्याचा चेहरा. उपकारच होतील.” झाकलेला चेहरा गुन्हेगाराचा वाटतो, हे मला ठाऊक होतं. नोकरीला पाच महिने झाले होते. मी झाकला.

सोमवारी मी प्रसारण तक्रार मंडळाला सगळं लेखी दिलं, सेकंदांच्या नोंदींसह, माझ्या नावाने. मला माफीची पट्टी नको आहे. सहाच्या बातम्यांत, त्याच जागी, चटया आणि आवाजासह ते चित्रण दाखवा, अशी मागणी आहे. सेमिसीचा चेहरा दिसावा की नाही, ते या वेळी तो ठरवील.

ग्लेनिस म्हणाली, “नाव काढ. या शहरात पुन्हा कुणी उभं करणार नाही तुला.”

“नाव राहील,” मी म्हटलं.

गॅरेजच्या मालकाकडेही गेले. टीव्हीवर पाहिलं ना मी, एवढंच तो घोळवत होता. त्याला बसवून अकराही मिनिटं दाखवली. शेवटपर्यंत तो उठला नाही.

बाबा म्हणतात, चर्चमध्ये बोभाटा नको म्हणून तुला हे मिटवायचं आहे. आपल्यात आत्याचा शब्द शेवटचा. घरात पाऊल टाकू नकोस म्हणालीस, तर टाकणार नाही. तक्रार मागे घे म्हणालीस, तर मात्र आयुष्यात पहिल्यांदा तुझा शब्द मोडीन.

तुझी भाची, ते नऊ सेकंद कापणारी,
लुपे