मांडीवरची शाल

ताईस नमस्कार,

मी बरी आहे. बाबांना जाऊन महिना झाला. कामात दिवस निघून जातो. तुझी कंबर कशी आहे?

आईचा तिथल्या वृद्धाश्रमातला फोटो पोचला. केस छान विंचरलेत. पण एवढ्या उन्हात मांडीवर शाल कशाला गं?

मी जिथे काम करते त्या वृद्धाश्रमात आजी-आजोबांनी सारखं उठू नये म्हणून त्यांना पट्ट्याने खुर्चीला बांधतात. कुणी भेटायला आलं की पट्ट्यावर शाल टाकायची. "झाकलं की झालं," मोठ्या सिस्टर म्हणतात. मीही टाकल्यात.

तो फोटो सारखा काढून बघते. भित्री म्हण हवं तर. पण उद्याच न कळवता जा आणि आधी ती शाल उचलून बघ.

तुझी,
धाकटी