खणाच्या तळाचं पॉलिश

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या महिन्यात माझ्या हातून झालेलं: सहा खुर्च्या, दोन कपाटं, एक पाळणा, आणि ज्यावर हे लिहितोय ते टेबल. कुणाकडे शिकलो नाही, हे तुला ठाऊक आहेच, तरी सांगतो.

आता काळजीचं. सरकारनं किमान वेतन वाढवलं. वाढायलाच हवं होतं, पण माझ्याकडे माणसं तीन: लाकूड कातणारा खरादी, रंधा मारणारा आणि पॉलिशवाल्या मावशी. तिघांना नव्या दराने आठ तास दिले, तर माझ्या हाती भुसा उरतो. एकाला कमी करावं लागणार. मावशी सगळ्यांच्या शेवटी आल्या, म्हणजे त्याच. सल्ला मागत नाही, फक्त कळवतोय.

लोभ माझ्या हट्टासकट असू दे.
तुझा धाकटा भाऊ

९ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

सल्ला मागितला नाहीस, म्हणून देतेच. तू दिलेल्या कपाटाचे खण मी काल उपसले. तळाला, खालच्या अंगानेही आरशासारखं पॉलिश. तुझे भावजी म्हणाले, झुरळांना भांग पाडायची सोय झाली. मावशी तिथे तीन हात देतात आणि तू ते घासून चौथा द्यायला लावतोस, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तास तिथे जातात, राजा. काढण्याआधी त्यांना विचार तरी.

रागावलास तरी पत्र टाक.
तुझी ताई

२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन दिवस रागावलो, मग विचारलं. मावशींनी मान वर न करता सांगितलं, की मालक, तळाचं पॉलिश बंद करा, रोजचा एक तास वाचेल. खरादी म्हणाला, खुर्चीच्या मागच्या पायांची नक्षीही फक्त भिंतच बघते. इतकी वर्षं गप्प का होतात म्हटलं, तर तिघंही हसली.

दोन्ही बंद केलं. आता सात तासांत तेवढाच माल निघतो. दर वाढला, तास घटला, पगार जवळपास होता तिथेच. यावर रंधा मारणारा आठवडाभर कुरकुरला. आता पाचच्या ठोक्याला पहिली चप्पल त्याचीच निघते. मावशी आहेत. शेजारच्या बेकरीतली दोन माणसं मात्र कामावरून गेली. पावाला कुठला आलाय खण, वाचवायचं तरी काय?

तुझ्यासाठी पेटी करतोय. तिचा तळ मी रविवारी स्वतः पॉलिश करणार, भावजींना सांग.

माया आहे तेवढीच ठेव, कमी नको.
तुझा धाकटा भाऊ

ता. क. एक शोरूमवाला आला होता. तिघांना हजेरीवरून काढा, घरी नगावर काम द्या, तिथे कायदा डोकावत नाही, म्हणाला. वर वर्षभराची ऑर्डर, आणि रोख आजच. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, नकार दिला. ऐंशी हजार होते.