बिनकामाची महिनाभराची वही

१ एप्रिल, मंगळवार
माझी शाळा चौथीपर्यंत. तरी वही दिलीय. इथला नियम : नव्या माणसाने महिनाभर राहायचं, आज कोणत्या कामात मन लागलं ते रोज लिहायचं. कुणी वाचणार नाही म्हणे. मग लिहू कशाला? महिना संपला की पाचही जण गोल बसून ठरवणार, हिला कायमची ठेवायची का. एकानेही नाही म्हटलं, की नाही. मला ठेवणारे हे कोण! मी फक्त नातीवर, यशश्रीवर, लक्ष ठेवायला आलेय. सिटी सेंटरातली बँकेची नोकरी सोडली तिने. म्हाताऱ्यांच्या गळ्यात नको ते विमे मारायला लावत होते म्हणून. सोडली ते बरं केलं. पण शहराबाहेर, मुरारच्या पुढे, शेतातल्या घरात, सगळ्यांनी मिळून 'अर्थपूर्ण काम' शोधायचं म्हणजे काय?

२ एप्रिल
नियमच नियम. काम स्वतः निवडायचं. त्यात कुणाचं नुकसान नको. दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. यशश्री भाजीपाला लावते. हेमांगी जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवते. सौरव, इंजिनियर माणूस, मुगाचे सांडगे घालतो नि शहरात विकतो. एक बोराएवढा, एक लिंबाएवढा. मी म्हटलं, मी स्वयंपाक बघते. तर तो पाळीपाळीने. ठीक. आठ दिवसांत घर माझ्या हाताखाली येईल.

५ एप्रिल, दुपार
सगळे पुस्तकं वाचत पडलेत. हेमांगीच्या चार पिशव्यांची वाकडी शिवण उसवून सरळ घातली. सांगितलं नाही. पोरीला कमीपणा नको वाटायला. मी मनाने मोठी आहे.

६ एप्रिल
हेमांगी रडली. वाकडी शिवण मुद्दाम होती. डिझाइन! यशश्री म्हणाली, आजी, हर चीज़ ठीक नहीं करनी होती. म्हटलं, मराठीत बोल. मग मराठीत तेच बोलली.
उद्यापासून कशालाही हात लावणार नाही.

७ एप्रिल
लावला. भेंडीला पाणी कमी होतं.

१० एप्रिल
सौरव डाळ वाटून फोनवर गेला. मी बोटाने चाखली. मीठच नाही! यांच्या आयांनी यांना शिकवलं काय? मीठ घातलं, हिंग घातला, चादरीवर एकसारखे सांडगे घातले. सौरव आला. विचारलं, दादी, आपने डाल दीं? म्हटलं, नुसते घातले. थँक यू म्हणाला. इथे ऊठसूट थँक यू.

१६ एप्रिल
दौलतगंजच्या तात्यासाहेबांचा फोन. नेहमीचं गिऱ्हाईक. म्हणाले, अरे, इतक्या दिवसांत पहिल्यांदा सांडगा खाल्ल्यासारखं वाटलं, अजून दोन किलो पाठव. सौरव डोकं खाजवतोय, रेसिपी तो वही है. माझं काम सापडलं. सांडगे मीच घालणार. सौरवला हाताखाली ठेवीन, पोरगा वाईट नाही.

२१ एप्रिल
तात्यासाहेबांच्या लेकीचा, कुसुमताईंचा फोन. वडिलांचं बीपी चढलं, पाय सुजले. डॉक्टरने मीठ बंद केलंय म्हणून त्यांच्यासाठी सौरव वेगळे, बिनमिठाचे घालतो. पाकिटावर छापलंय म्हणे. पाकीट कशाला वाचू मी? मला सांगायला नको कुणी? आणि तात्यासाहेबांना कळलं नाही होय! जीभ आहे की नाही? चाटूनपुसून खाल्ले नि वर दोन किलो मागितले.
सौरव जेवला नाही. म्हणतो, गलती मेरी है, ये काम मेरे बस का नहीं. मी म्हटलं, तू उपाशी राहून त्यांची सूज उतरणार आहे का?

२३ एप्रिल
सौरव बॅग भरतोय. जुन्या कंपनीत परत जातो म्हणे, जिथून वैतागून पळाला होता तिथेच. माझा काय संबंध? मीठ सगळं जग घालतं.

२३ एप्रिल, जेवणानंतर
जाऊन सांगितलं. ओरडूनच सांगितलं. मीठ मी घातलं, तू गाढव आहेस, बॅग खाली ठेव. तो खाटेवर बसला. मग थँक यू, दादी म्हणाला. या पोरांना रागवायलाही मलाच शिकवावं लागणार.
कुसुमताईंनाही फोन केला. त्यांना बरोबर येतं रागवायला.

२७ एप्रिल
तात्यासाहेबांची सूज उतरली. पुन्हा बिनमिठाचेच मागवलेत. आवाज पडलेला होता.

३० एप्रिल, बुधवार, सकाळ
आज बैठक. नाही म्हणायची हिंमत कुणाची? सौरव माझ्या शब्दाबाहेर नाही. हेमांगीला परवा सुई ओवून दिली. हो मिळालं की आधी आठवडाभर आढेवेढे घेईन.

संध्याकाळी ५
सौरव हो म्हणाला. हेमांगी हो. बाकी दोघंही हो.
यशश्री नाही म्हणाली. माझी नात! म्हणे, आजी इथली झाली तर आम्ही कुणीच काही शिकणार नाही, ती हातातून काढून घेते. पण बाबांकडे पण नाही पाठवायचं, तिथे स्वयंपाकाला बाई, धुण्याला मशीन, आजी दिवसभर पंख्याकडे बघत असते. पाहुणी म्हणून राहू दे, हवं तितकं. पाहुण्यांना काम नसतं.
सगळ्यांचे हात वर. मी म्हटलं, पाहुणी नि मी? आत्ताच्या आत्ता तुझ्या बापाला, भालचंद्राला, फोन लाव, म्हणावं आईला घेऊन जा. यशश्रीने फोन माझ्याच हातात दिला.
बॅटरी कमी होती. पन्नास टक्के.

साडेपाच
चहा आला. ट्रेमध्ये, पाहुणीला पहिला. पाणचट. प्यायले.