तिसावा फॉर्म

सोमवार, ४ ऑगस्ट
आरोग्य केंद्रात मीटिंग. मनाच्या आरोग्याचे तीस फॉर्म माझ्या गळ्यात. आशाताई ना मी, गावानं खाल्लं काय नि गिळलं काय, सगळं मीच विचारायचं. मॅडम म्हणाल्या, "लोकांना मोकळं बोलू द्या. शुक्रवारपर्यंत." मन म्हणजे काय नळाची तोटी आहे?

मंगळवार, ५
अकरा घरं. सुनेला विचारावं तर उत्तर सासूचं. "तिला काय धाड भरलीया? खाऊनपिऊन सुखी हाय." सून शेजारीच, मान खाली. मी 'नाही'वर खूण केली. एक म्हातारा म्हणाला, "ह्याच्यावर राशन मिळतंय का?" पाय दुखतायत. डोकंही.

गुरुवार, ७
एकोणतीस झाले. सगळं गाव ठणठणीत. खोटारडे मेले.
राहिलं भिंतीपलीकडचं घर. थोरल्या जाऊबाई. माझं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं तेव्हा चार बायकांत म्हणाल्या होत्या, "गावाला सल्ले देती, सोताचं सांभाळता येईना." तीन वर्षं अबोला. त्यांच्या दारात मी जाणार नाही म्हणजे नाही.
अंगणवाडीच्या पायरीवर बसून त्यांच्या नावानं मीच भरला. उत्तरं सुचेनात, मग माझीच लिहिली. झोप, नाही. रडू, रोज. कशात जीव लागतो का, नाही. शेवटचा प्रश्न, जगू नये असं वाटतं का. तिथंही 'हो' केलं. सही त्यांच्यासारखी वाकडी ठोकली.

सोमवार, ११
मॅडमचा फोन. "तुमच्या जाऊबाईंचा फॉर्म गंभीर आहे. उद्या समुपदेशक बाई येतायत, तुम्हीच घेऊन या." खरं सांगितलं तर काम जाईल. 'हो मॅडम' म्हणाले. भित्री आहे मी.

मंगळवार, १२
तीन वर्षांनी त्यांच्या दारात. "चला, बीपी तपासायचंय." निमूट आल्या. दवाखान्यात त्या समुपदेशक बाईंकडे आत, दार बंद. वाटलं, पाच मिनिटांत मला शिव्या घालत येतील. पाऊण तास झाला. मी बाकावर, भिंतीवरचे तक्ते वाचत.
डोळे सुजवून आल्या. रिक्षात म्हणाल्या, "तुला कसं कळलं गं? म्या तर कुणालाच बोलले न्हवते."
"भिंत पातळ आहे," म्हणाले. खोटं. मला कधी काही ऐकू आलं नाही.
घरी येऊन भांडी आदळली. उत्तरं माझी, आणि दाराबाहेर बसले मीच. त्यांचा राग येतो. माझा जास्त. हे म्हणाले, "काय झालं?" काही नाही म्हटलं.

गुरुवार, १४
परसातल्या मधल्या भिंतीवर वाटी ठेवलेली, शेंगाची चटणी. खाल्ली. माफ केलेलं नाही. ते वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.
पलीकडून आवाज आला, "मंगळवारी परत बोलावलंय. येशील ना संगं? एकटीला भ्या वाटतं."
"कामच आहे माझं," म्हणाले.
पिशवीत एक जास्तीचा कोरा फॉर्म निघाला. नाव घातलं, माझं. झोप लागते का? हात सवयीनं 'हो'वर गेला, सगळ्या गावासारखा. खोडलं. कागद जरा फाटला. पुढचे प्रश्न तसेच ठेवलेत.
मंगळवारी तो पिशवीत नेणार आहे. बाहेर काढेन का, माहीत नाही.